तळ्यावरची तार

हुरडा आला की माझ्या पोटात दुखायला लागतं. हुरड्यानं नव्हे. हुरडा मी सूपभर खाल्ला तरी मला बाधत नाही. संक्रांत उलटते, ज्वारीच्या कणसात दूध भरतं, दाणा नखानं दाबला की पांढरा थेंब उडतो, आणि नेमकं तेव्हाच माझ्या आतलं एक जुनं दुखणं जागं होतं. त्याला हेवा म्हणतात. बाया त्याला दुसरी नावं देतात, कुणी काळजी म्हणते, कुणी "मला काय करायचंय बाई" म्हणते. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं आहे, त्यामुळं वस्तूला तिच्या नावानं हाक मारायची मला सवय आहे. हेवा तो हेवा.

यंदाही तो वेळेवर आला. काल सकाळी मी रानात गेले होते, कणसं हुरड्यात आली का बघायला. पानांवर दव होतं, साडीचा काठ भिजून जड झाला होता आणि हवेत त्या कोवळ्या ज्वारीचा वास होता, थोडा दुधाचा, थोडा ओल्या मातीचा. बांधाच्या पलीकडं शोभाचं शेततळं. उन्हात पाणी चकाकत होतं आणि पाण्यावरून ती तार गेली होती, या काठापासून त्या काठापर्यंत. तारेवर वेडे राघू ओळीनं बसले होते. मला ते राघूसुद्धा आवडले नाहीत. आमच्या रानातून विजेची एवढी मोठी लाईन गेली आहे, तिच्यावर नाही बसत मेले.

शोभा माझी धाकटी जाऊ. आमच्या गावाहून पोखर्णीच्या नरसिंहाला जाणारा रस्ता आमच्या रानाला लागून जातो. त्या रस्त्याच्या कडेला आम्हा दोघींची शेतं, मधे एक बांध. वाटणीत विहीर आमच्याकडं आली आणि त्यांच्या वाट्याला खडकाळ पट्टी गेली. तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पुढं त्याच खडकाळ पट्टीत भावजींनी शेततळं खणलं, आणि आता दोन्ही घरची माणसं संध्याकाळी पाय मोकळे करायला जातात ती तळ्यावर. विहिरीवर फिरायला कोण जातं?

"जावा-जावा आणि उभा दावा" असं म्हणतात. आमचा दावा कधी उभाच राहिला नाही, कारण शोभा भांडणाला निमित्त देत नाही. मी टोचून बोलले तर ती हसते. चहात साखर कमी आहे म्हटलं तर निमूट डबा आणून पुढं ठेवते. अशा बाईचं काय करावं? तिला मूलबाळ झालं नाही. आणि माझी मीनल, माझी एकुलती एक लेक, वाढली ती शोभाच्या कडेवर.

त्याचं असं झालं की माझी नेमणूक होती जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्याही पुढं एका खेड्यातल्या शाळेवर. तिथून रोज घरी येणं शक्य नव्हतं. सोमवारी पहाटेच्या एसटीनं मी जायचे आणि शनिवारी शाळा सुटली की परत यायचे. घर तेव्हा एकत्र होतं, मीनल काकीजवळ राहायची. मी लोकांच्या लेकरांना बाराखडी गिरवायला लावत होते तेव्हा माझ्या लेकराला न्हाऊ कोण घालत होतं, ताप आला तर उशाशी कोण बसत होतं, हे मला शनिवारी कळायचं, तेही शोभाच्या तोंडून. "अक्का, बाळीचा दात पडला बगा बुधवारी. लय रडली." बुधवारचं रडणं मी शनिवारी ऐकायचे. मीनलला जवळ ओढायचे तर ती आधी अंग चोरून बसायची. रविवारी दुपारपर्यंत ती हळूहळू माझी व्हायची, आणि सोमवारी पहाटे माझी एसटी असायची.

पुढं बदली झाली, वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, बांधाच्या दोन बाजूंना आपापल्या रानात दोन घरं झाली, पण मीनलच्या मनातली ती वाटणी काही बदलली नाही. पुण्याला नोकरीला लागल्यावर तिचा मला फोन यायचा रविवारी सकाळी, शाळेची घंटा वाजावी तसा. शोभाला यायचा कधीही. शोभा फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडत बसायची, त्यामुळं मला बांधावरून सगळं ऐकू यायचं. माझ्याशी ही पोर बोलायची पुण्याचं, "आई, मी जेवले आहे, तू कशी आहेस?" आणि तिकडं, "काकी, लय बोर व्हायलंय गं इथं." लहानपणी तिच्या तोंडून 'आहे'च्या जागी 'हाय' आलं की मी डोळे वटारायचे. तिनं माझं ऐकलं, माझ्यासाठी 'आहे' ठेवलं, आणि बाकी सगळं काकीला दिलं.

ती तार झाली त्या वर्षी मीनल आणि जावई जर्मनीला जायचे होते. नोकरी तिकडंच, घर तिकडंच. निघण्याआधी ती हुरड्याला गावी येणार होती. पुन्हा कधी येईल ते तिलाही सांगता येत नव्हतं. मी ठरवूनच टाकलं की ही भेट माझी. आजवरच्या सगळ्या सोमवारांची भरपाई मी त्या भेटीत करून घेणार होते. बांधाच्या पलीकडं तिला पाऊल टाकू द्यायचं नाही, निदान आपण होऊन तिला टाकावंसं वाटू नये एवढं सगळं अलीकडंच मांडून ठेवायचं.

म्हणून आश्विनात मी एक पट्टा खास तिच्यासाठी पेरून घेतला. गुळभेंडी ज्वारीचा. हुरडा करावा तर त्याच ज्वारीचा, दाणा कणसातून सहज सुटतो आणि जिभेवर गोड लागतो. पट्ट्याला पाणी दिलं की नाही ते मी स्वतः बघायचे. कणसं धरल्यावर पाखरांना हाकलायला सकाळ-संध्याकाळ डबा वाजवत फिरायचे. गावातले लोक म्हणायचे, "बाईला पेन्शन खाऊन करमंना." म्हणोत. हुरडा भाजण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे आमच्या सगळ्या भावकीला ठाऊक आहे. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव किती असावा, कणीस कधी फिरवावं, हातावर चोळताना किती चटका सोसावा, हे सगळं मला माझ्या आईकडून आलेलं. शोभाचा हुरडा एक तर कच्चा असतो नाहीतर करपलेला. ही एकच गोष्ट अशी होती की तिथं तिला माझ्यापाशी यावं लागायचं.

आणि मग दिवाळी झाल्यावर एक दिवस शोभा हातात फोन घेऊन बांध ओलांडून आली.

"अक्का, हे बगा, हे बगा, बाळी कशी उडायलीय!"

फोनमध्ये मीनल होती. ऑफिसच्या लोकांबरोबर कुठं डोंगरात गेली होती. कमरेला पट्टे, डोक्याला टोप, आणि एका तारेला लटकून ती दरीवरून सुसाट चालली होती, पाय झाडत, हसत. खाली तिनं लिहिलं होतं, "काकी, असं आपल्या तळ्यावर पाहिजे!"

मी चष्मा लावून पुन्हा बघितलं, मग माझा फोन उघडला. माझ्या फोनवर मीनलचं काहीही आलेलं नव्हतं. शेवटचा निरोप मीच तिला पाठवलेला, सुप्रभाताचं गुलाबाचं फूल. तिनं त्यावर नुसता अंगठा दाखवला होता. आणि इकडं 'आपलं तळं'. त्या एका शब्दानं मला रात्रभर झोप लागली नाही. विहिरीला कधी ती 'आपली विहीर' म्हणाल्याचं मला आठवेना.

दुसरी कुणी असती तर हसून सोडून दिलं असतं. लेकरं काय, काहीही लिहितात. पण शोभानं ते मनावर घेतलं. मीनल यायच्या आत तळ्यावर तार झाली पाहिजे असं तिनं भावजींना सांगितलं, आणि भावजी म्हणजे आमच्या यांचे धाकटे भाऊ, बायकोच्या शब्दाबाहेर न जाणारे. ते यांच्याकडं आले, कारण हे पूर्वी गुत्तेदार होते, गावोगावच्या कंपाउंडच्या भिंती, समाजमंदिरं बांधायचे. मला वाटलं हे उडवून लावतील. माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी मी कित्येक वर्षं दोरीनं बांधून वापरत होते. "करू की" यापलीकडं तिची प्रगती झालेली नव्हती. तर त्या दिवशी हे चहा अर्धा टाकून उठले, पायात चपला घालता घालता म्हणाले, "चल, आधी रुंदी बघू."

मग सुरू झालं. रोज सकाळी हे अंघोळ करून, टोपी घालून तळ्यावर. निवृत्त झाल्यापासून ज्या माणसाला मी नऊ वाजता ढोसून उठवायचे, तो सहाला उठून शीळ घालायला लागला. लग्न झाल्यापासून मी यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं. गंगाखेडला एका भंगारवाल्याकडं जुना तारदोर होता म्हणून भावजी तिकडं गेले. तो आणला, पण यांनी उन्हात धरून बघितला, "हा जागोजागी तुटायलाय, माणूस टांगायचाय आपल्याला, पोतं न्हाई," म्हणून परत पाठवला आणि परभणीहून नवा कोरा घेतला. लोखंडी खांब आणले, दोन्ही काठांवर खड्डे घेऊन काँक्रीटमध्ये गाडले, मागून जमिनीत ताण दिले. तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर पाय ठरत नाही, पडलेला माणूस पोहणारा असला तरी काठावर चढू शकत नाही. म्हणून यांनी चारी बाजूंनी पाण्यात दोर सोडले आणि दोरांना फुगवलेल्या ट्यूबा बांधल्या. हे सगळं यांना कोण सांगत होतं? कुणी नाही. मनापासून करणाऱ्याला सुचत जातं. आणि हे सगळं मनापासून होतं हेच मला सहन होत नव्हतं.

मी बांधाच्या अलीकडं डबा वाजवत पाखरं हाकलायचे आणि पलीकडून हसण्याचे आवाज यायचे. शोभा किटलीतून चहा न्यायची. भावजी काहीतरी बोलायचे, हे मोठ्यानं हसायचे. हेव्याला कान फार तिखट असतात. वारा कुठूनही असो, तिकडचा शब्द माझ्यापर्यंत यायचाच. एकदा भावजी म्हणाले, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!" आणि तिघंही इतकी हसली की मला वाटलं आता तळ्यात पडतात. मीही हसले असते, कुणी बोलावलं असतं तर. शोभानं बोलावलं होतं, दोनदा. "अक्का, या की, बसा जरा." पण असं बोलावणं काय कामाचं? यांनी बोलवायला पाहिजे होतं.

नंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की जे दिवस मी सुखानं काढले ते मला नीट आठवत नाहीत. आठवतो तो हा हिवाळा, पानापानासकट. त्या दिवसांत बोरं कशी लागली होती, हरभऱ्याच्या ढाळ्यांवर कशी आंब धरली होती, दुपारी खांबाची सावली कुठपर्यंत यायची, सगळं. हेवा माणसाला जागं ठेवतो. त्याच्याइतका चांगला पहारेकरी मी बघितला नाही.

तार ताणायच्या आदल्या दिवशी हे लेव्हलचा पाईप घेऊन गेले. गवंड्यांच्या कामात तो पारदर्शक पाईप असतो, त्यात पाणी भरतात आणि दोन्ही टोकांचं पाणी सारखं आलं की दोन्ही जागा एका पातळीत. भावजी एक टोक धरून तळ्याला वळसा घालून पलीकडं गेले. "थोडं वर... खाली... बास!" असं बराच वेळ चाललं. यांचं सगळं आयुष्य लेव्हलमध्ये गेलं. यांनी बांधलेल्या भिंतीवर गोटी ठेवली तरी घरंगळणार नाही, असं हे अजून सांगतात. दोन्ही खांबांवर खुणा अगदी एका पातळीत आल्या. संध्याकाळी जेवताना यांचा चेहरा असा फुलला होता की मला भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तार ताणली. खांबाला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. पहिला प्रवासी म्हणून वाळूचं पोतं पट्ट्यांत बांधलं, भावजींनी त्याच्यावर आपला जुना सदरा चढवला आणि कप्पीला अडकवून "हर हर महादेव" म्हणत ढकलून दिलं. पोतं झोकात निघालं, तळ्याच्या मध्यापर्यंत गेलं, थोडं पुढं, मग मागं, मग पुन्हा पुढं, आणि मधोमध थांबलं. खाली पाणी, वर आभाळ, मधे भावजींचा सदरा घातलेलं पोतं.

मी ज्वारीत उभी होते. पोतं थांबलं तेव्हा जे मला वाटलं त्याला आनंदाशिवाय दुसरा शब्द नाही. मी पदर तोंडात धरून हसले. हातातला डबा खाली पडला.

पोतं दोन दिवस तसंच लटकून राहिलं. एक खंड्या त्याच्या खांद्यावर बसून मासे हेरायचा. रस्त्यानं जाणारे एसटीतून माना काढून बघायचे. कुणीतरी गावात उठवलं की तळ्यावर माणूस टांगलाय. भावजींनी दोराला आकडा बांधून फेकायचा सपाटा लावला तेव्हा कुठं ते पोतं हाती लागलं. रात्री हे जेवायला बसले.

"पाणी लेव्हलमध्ये असलं की उभं राहतं," मी भाजी वाढत म्हणाले. "वाहायला उतार लागतो. तिसरीच्या पोराला कळतं."

यांनी घास तसाच धरला. मग कपाळावर हात मारला. "मायला! हे आधी का न्हाई बोललीस?"

"मला कुणी विचारलं होतं का?"

"तू तिकडं फिरकतीस तरी कुठं? रोज डबा बडवायलीस तिकडं ज्वारीत."

त्यांचं ते 'डबा बडवायलीस' मला लागलं. पण माझ्या एका वाक्यानं त्यांची अडचण सुटली, हेही मला खुपलं. गप्प बसले असते तर पोतं तिथंच राहिलं असतं.

मग यांनी अलीकडच्या काठावर माळा उभारला. पाखरं राखायला पिकात बांधतात ना तसाच, पण दणकट, लोखंडी खांबांचा, वर जायला शिडी. तार माळ्याच्या माथ्यावर चढवली. या वेळी पोतं असं पळालं की भावजींना पलीकडं ते पकडता पकडता लोळण घ्यावी लागली. तरी एक खोड राहिलीच. पलीकडच्या टोकाला तार किंचित वर चढत होती, त्यामुळं माणूस तिथं पोचला की हळू व्हायचा, हे चांगलं. पण त्याच क्षणी कुणी धरलं नाही तर तो मागं घसरत पुन्हा तळ्याच्या मधोमध. म्हणजे पलीकडं सतत कुणीतरी हात पसरून उभं पाहिजे. येणाऱ्याला कवेत घ्यायला.

"तिथं शोभाबाई उभी राहील," हे म्हणाले. "तू आगटी सांभाळ. हुरडा तुझ्याशिवाय जमत न्हाई कुणाला."

माझ्या हुरड्याचं यांनी असं चारचौघांत कौतुक केलं. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

मीनल आली ती सकाळीच. गाडीतून उतरली, माझ्या पाया पडली, मी तिला जवळ घेतलं आणि लगेच सोडलं, कारण माझ्या हातांना राख लागली होती. आगटी मी बांधाला लागूनच केली होती, माळ्याच्या पायथ्याशी, म्हणजे निदान सगळे चढताना माझ्यावरून तरी जातील. गुळभेंडीची कणसं विस्तवात सरकवली. पहिलं कणीस मी मीनलसाठी चोळलं. हिरवा, लुसलुशीत दाणा, वाफ निघणारा. जवसाची चटणी, गुळाचा खडा, दही. ती डोळे मिटून खात होती. "आई, किती मस्त आहे!" म्हणाली. मी दुसरं कणीस घेतलं, तिसरं घेतलं. माझ्या तळहाताची साल निघायची वेळ आली होती आणि मला ते बरं वाटत होतं. एवढ्यात तिची नजर वर गेली.

"काकी! खरंच केलं व्हय तुमी?"

आणि ती उठली. मांडीवरचे दाणे खाली सांडले.

त्यानंतर सगळे तारेवर गेले. आधी भावजी. मग जावई, जो एरवी तोंडातून शब्द काढत नाही. मेंढ्या घेऊन रस्त्यानं चाललेली कौसाबाई थांबली, म्हणाली, "मला पाठवताव का?" तिनं काष्टा घट्ट केला आणि तीही गेली. गंमत म्हणजे तळ्याच्या मधे तार खाली लवते, पाय पाण्याला लागतात की काय असं वाटतं, तिथं आल्यावर प्रत्येकाच्या तोंडून एकच शब्द निघायचा. भावजींसारखा मिशीवाला माणूस, "अगं माय गं!" कौसाबाईची माय जाऊन तर जन्म लोटला, तीही "माय!" जावईसुद्धा. ओरडणारा प्रत्येकजण पुढच्या क्षणी शोभाच्या हातात जाऊन पडायचा आणि शोभा त्याला धरून म्हणायची, "आलाव, आलाव, पोचलाव."

मीनल सगळ्यात शेवटी चढली. हे वर पट्टे आवळत होते. डोंगरात दरीवरून उडालेली पोर, पण इथं घरच्या तळ्यावर ती माळ्याचा खांब सोडेना. "बाबा, थांबा, थांबा." मी आगटी सोडून शिडीपाशी गेले. वर बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती बघत होती पलीकडं. तिथं शोभा उभी होती, दोन्ही हात पसरून, पदर खोचलेला. "ये गं बाळे, मी हाय ना इथं. डोळे मिट अन् ये."

आता ही काकीला हाक मारणार, मी मनात म्हटलं. तिला काकीच दिसतेय, दुसरं कोण आठवणार? मी शिडी धरून उभी राहिले आणि ते ऐकायची तयारी केली. यांनी हात सोडला.

ती गेली. केस मागं उडाले. तळ्याच्या मधे, पाण्याच्या अगदी जवळ, तिनं डोळे गच्च मिटले आणि ओरडली,

"आई! आई गं!"

ते सगळ्या रानात घुमलं. माझ्या हातातून शिडी सुटली. आणि तोवर ती पलीकडं पोचली होती, शोभानं तिला धरलं होतं, मागं घसरू नये म्हणून घट्ट, दोन्ही हातांनी, तोंड तिच्या मानेत खुपसून. पट्टे सोडले तरी शोभानं तिला सोडलं नाही. ती रडत होती का हसत होती ते इतक्या लांबून दिसत नव्हतं. जर्मनीला जाणाऱ्या लेकराला धरावं तसंच तिनं तिला धरलं होतं, आणि तसं मला सकाळी गाडीपाशी धरायचं होतं.

मग शोभानं तोंड वर केलं.

"अक्का!" ती पाण्यावरून ओरडली. "आयकलं का? तुमाला हाक मारली बगा तिनं! हात पसरून हुबी ऱ्हायले मी, अन् हाक तुमाला!"

ती हसत होती. पण वाक्याच्या शेवटाला तिचा आवाज जरा खरखरला, घशात फोल अडकावं तसा. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं. तो आवाज मी ओळखते. "काय गं, फोन आला होता का मीनलचा?" असं मी बांधावरून विचारते तेव्हा माझा आवाज अगदी तसाच होतो. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे दुखणं बांधाच्या अलीकडंच आहे.

"आयकलं की!" मी ओरडले. "पण धरलीस तू!"

तिनं मान हलवली. मीनलभोवतीचे हात मात्र सैल केले नाहीत. मीही असं म्हणाले नाही की अगं, भ्याल्यावर सगळेच आईला हाक मारतात, त्यात काय एवढं. म्हणता आलं असतं, तिला बरं वाटलं असतं. नाही म्हणाले. तळ्याच्या दोन काठांवर आम्ही दोघी जावा बराच वेळ तशाच उभ्या राहिलो, आपापला वाटा घट्ट धरून, दुसरीच्या वाट्याकडं बघत.